*क्विक्वाझ आणि 'जीव': दुसरा 'क' कुठून आला, आणि हे विशेषण सर्वनामासारखं का चालतं?

शब्दपारखी विचारतात:

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तीन आठवडे वहीत घेऊन बसले आहे आणि एकटीच्याने सुटत नाही.

मी सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यावर गोथिक (इंग्रजी-जर्मनच्या कुळातली, आता लुप्त झालेली भाषा) आणि जुनी इंग्रजी शिकायला घेतली, व्याकरणं समोर ठेवून, कुणी शिकवणारं नसताना. त्यामुळे कुठलंही गोथिक रूप समोर आलं की डोकं आधी 'देवः देवौ देवाः'च्या रकान्यांकडे धावतं. ही सवय काही वेळा तारते आणि काही वेळा फसवते. या वेळी नेमकं काय झालंय ते मला कळत नाही.

झालं असं की नातवाची नखं कापताना एक नख जरा खोल कापलं गेलं आणि जिव्हाळीला लागलं. तो रडून शांत झाला, पण माझ्या डोक्यात एक गोष्ट अडकून राहिली. नखाखालच्या या जागेला इंग्रजीत 'क्विक' म्हणतात. 'भरभर' असा अर्थ आपण लहानपणापासून घोकलेला शब्द नखाखाली काय करतोय? शोधत गेले तेव्हा कळलं की त्याचा मूळ अर्थच 'जिवंत'. १६११च्या इंग्रजी बायबलात 'द क्विक अँड द डेड' आहे ते 'जिवंत आणि मेलेले'. पारा म्हणजे 'क्विकसिल्व्हर', जिवंत चांदी. वेग हा अर्थ नंतर चिकटला: जिवंत, म्हणून हलणारं, म्हणून चपळ. आणि आपल्या 'जिव्हाळी'तही जीवच बसलेला आहे. 'जिव्हारी लागणं' आणि इंग्रजीतलं 'क्विकपर्यंत कापलं जाणं' यांचा अर्थ तर शब्दशः एकच. इतक्या दुरावलेल्या दोन भाषांना त्या एवढ्याशा जागेसाठी एकच कल्पना सुचावी, याने मी दोन दिवस भारावून गेले होते.

मग वहीत दोन पानं समोरासमोर उघडली. डावीकडे 'जीव', उजवीकडे आद्य-जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, गोथिक यांच्या समान मूळ भाषेतलं, *क्विक्वाझ. (तारा म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, तुलनेने पुन्हा उभं केलेलं आहे. देवनागरीत लिहिताना मी जर्मॅनिक ऱ्हस्व स्वरालाही 'आ'च लावते, नाहीतर शेवटचा 'अ' वाचताना गळून जातो. 'झ' इंग्रजी 'झू'मधला, 'थ' इंग्रजी 'थिन'मधला.) दोन्हींच्या मागे मूळ इंडो-युरोपीय *ग्विह३वोस, 'जिवंत'. यातला 'ह३' म्हणजे तिसरा लॅरिंजियल, मूळ भाषेतला घशातून निघणारा, पुढे बहुतेक भाषांत लुप्त झालेला ध्वनी.

पहिलं व्यंजन जुळतं. जर्मॅनिकमध्ये ग्रिमच्या नियमाने 'ग्व'चा 'क्व' झाला. आपल्याकडे पुढे 'इ' असल्यामुळे त्याचा 'ज' झाला, आणि पुढे 'इ'-'ए' नसेल तिथे 'ग'च राहिला. म्हणून संस्कृत 'गौः' तर इंग्रजी 'काउ', संस्कृत 'गम्' तर इंग्रजी 'कम', पण संस्कृत 'जनि' तर गोथिक 'क्विनो' (स्त्री, इंग्रजी 'क्वीन' याच घरातली). इथपर्यंत लाल पेन्सिलीने खुणा करत मी आनंदात होते.

पुढे दोन ठिकाणी पेन्सिल थांबली.

'जीव'मध्ये शेवटी 'व' आहे. लॅटिन 'वीवुस', लिथुआनियन 'गीवास', जुनी स्लाव्ह 'झिवु', सगळीकडे 'व'. मग *क्विक्वाझमध्ये दुसरा 'क' कुठून आला? आणि 'जी' दीर्घ असताना 'क्वि' ऱ्हस्व का?

दुसरं म्हणजे विभक्तिरूपं. 'जीव' 'देव'सारखा चालतो. *क्विक्वाझही 'देव'सारखा चालेल म्हणून मी कोष्टक न बघता आधी स्वतः रूपं लिहिली आणि जवळजवळ निम्मी चुकली. चतुर्थी *क्विक्वाम्माइ? षष्ठी बहुवचन *क्विक्वाइझों? आणि त्याखाली आणखी एक अख्खं कोष्टक, 'दुर्बल' म्हणून, त्यात प्रत्ययच वेगळे. एकाच विशेषणाला दोन चालवण्या कशाला?

माझ्या वहीचं उजवं पान कुणी तपासून दिलं तर फार बरं होईल.

---

वर्णविचार यांचं उत्तर:

शब्दपारखी ताई, कोष्टक न बघता तुम्ही आधी स्वतः रूपं लिहिलीत, हे फार चांगलं केलंत. तुमची जी निम्मी रूपं चुकली त्यांतच उत्तर आहे. 'क'चं कुणीतरी दुसरं सांगेल, मी विभक्तीचं घेतो.

तुमच्या हातात 'देव' होता. हाताशी घ्यायला हवा होता 'सर्व'. वर्गात तुम्ही मुलांना सांगितलंच असेल की 'सर्व', 'विश्व', 'अन्य' ही दिसायला विशेषणं, पण चालतात सर्वनामांसारखी: सर्वस्मै, सर्वेषाम्, सर्वे, आणि नपुंसकात 'अन्यत्'. संस्कृतात हा मोजक्या शब्दांचा गट आहे. जर्मॅनिकमध्ये हीच लागण सगळ्या विशेषणांना झाली. जर्मॅनिक बोलणाऱ्याने 'जीवाय'ऐवजी 'जीवस्मै' म्हटलं, 'जीवानाम्'ऐवजी 'जीवेषाम्' म्हटलं, 'जीवाः'ऐवजी 'जीवे' म्हटलं असं समजा, आणि मग उजवं पान पुन्हा वाचा.

'तस्मै'च्या जागी गोथिक 'थाम्मा', म्हणून विशेषणाची चतुर्थी *क्विक्वाम्माइ. 'तम्'च्या जागी 'थाना', म्हणून द्वितीया *क्विक्वानों. 'तत्'च्या जागी 'थाता', म्हणून नपुंसकात साध्या *क्विक्वां बरोबर *क्विक्वातो हे दुसरं रूप. 'ते' म्हणजे मुळात 'तइ', गोथिक 'थाइ', म्हणून प्रथमा बहुवचन *क्विक्वाइ. आणि 'तेषाम्'मधलं 'एषाम्' तेच *क्विक्वाइझोंमधलं 'आइझों': आपल्याकडे 'स'चा 'ष' झाला, त्यांच्याकडे 'झ'. पुल्लिंगी प्रथमा एकवचन *क्विक्वाझ मात्र नामासारखंच राहिलं. तुमचा 'जीवस्', आणि विसर्गाच्या जागी 'झ'.

'म्म'वर जरा थांबतो, कारण मराठी माणसाने इथे थांबायलाच हवं. 'तस्मै'तल्या 'स्म'चा जर्मॅनिकमध्ये 'म्म' झाला. महाराष्ट्री प्राकृतात 'तस्मिन्'चा 'स्मिन्' नामांनाही लागला आणि त्याचा 'म्मि' झाला: 'पुत्ते'च्या जोडीला 'पुत्तम्मि'. म्हणजे सर्वनामाचा प्रत्यय दुसऱ्या शब्दांवर पसरणं आणि 'स्म'चा 'म्म' होणं, या दोन्ही गोष्टी आपल्या घरातही घडल्या आहेत, जर्मॅनिकशी काही संबंध नसताना. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी रात्री दीड वाजता उठून परत दिवा लावला होता.

आता तो 'झ'. विसर्गाच्या जागी 'झ' हे नुसतं कागदावरचं अनुमान आहे असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. डेन्मार्कमधल्या गॅलेहुस इथे १७३४ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या शिंगावर रुनिक लिपीत, इसवी सन ४००च्या आसपासचं, 'एक ह्लेवागास्तिझ होल्तियाझ होर्ना ताविदो' असं कोरलेलं होतं: मी ह्लेवागास्तिझ होल्तियाझ, हे शिंग बनवलं. 'होल्तियाझ' हे विशेषणाच्याच घडणीचं रूप आहे. शिंग १८०२ मध्ये चोरीला गेलं आणि वितळवलं गेलं, पण नोंदी राहिल्या. दुसरा पुरावा फिनिशमध्ये. 'विइसास', शहाणा, हा शब्द फिनिशने जर्मॅनिक *वीसाझवरून घेतला आणि शेवटचा प्रत्यय जपून ठेवला. इंग्रजीत त्याचं 'वाइझ' झालं तेव्हा तो प्रत्यय केव्हाच झडला होता.

दुर्बल कोष्टक वेगळ्या मुळाचं आहे. ते 'राजन्' धर्तीचं आहे, नकारान्त: प्रथमा *क्विक्वो, द्वितीया *क्विक्वानुं, षष्ठी *क्विक्विनिझ. या 'न'चं मूळ काम विशेषणावरून 'तो अमुक' असा एक ठरावीक माणूस दाखवणं. लॅटिन 'कातुस' म्हणजे धूर्त, त्यावरून 'कातो', षष्ठी 'कातोनिस': तो धूर्त. ग्रीक 'स्त्राबोस' म्हणजे तिरळा, त्यावरून 'स्त्राबोन'. तिकडे ही टोपणनावं राहिली. जर्मॅनिकने प्रत्येक विशेषणाला ही सोय दिली आणि तिचा अर्थ झाला 'ठरलेला, आधीच ओळखीचा'.

हा फरक प्रत्यक्ष बघायचा तर गोथिक बायबलात योहान १०:११ काढा. 'इक इम हेर्दीस गोद्स', मी चांगला मेंढपाळ आहे: सबल रूप, म्हणजे वर सांगितलेलं सर्वनामासारखं चालणारं. लगेच पुढे 'हेर्दीस सा गोदा', तो चांगला मेंढपाळ: दुर्बल. एकाच ओवीत दोन्ही. आजच्या जर्मनमध्ये 'आइन गुटर मान' आणि 'डेर गुटे मान' म्हणतात तेव्हा तीच जुनी फोड अजून कानावर पडते.

---

गोथिकवाचक यांचं उत्तर:

मी फक्त 'क'वर लिहितो.

आधी पुरावा. दुसरा 'क' उत्तर आणि पश्चिम जर्मॅनिकमध्ये पक्का आहे. जुनी इंग्रजी 'क्विक' आणि 'क्विकु', जुनी नॉर्स (आइसलँडिकची पूर्वज) 'क्विक्र', जुनी उच्च जर्मन 'क्वेक'. जर्मनमधला आजचा 'केक', म्हणजे धीट, आगाऊ, तोही हाच. तो नुसता 'क' नाही, 'क्व' आहे, हे नॉर्सच्या द्वितीयेत दिसतं: 'क्विक्वान'. जुन्या इंग्रजीच्या 'क्विकु'तला 'उ' म्हणजे त्याच 'व'चा उरलेला अवशेष.

गोथिकमध्ये मात्र तो नाही. मार्क १२:२७ मध्ये गोथिक बायबलाचा अनुवादक वुल्फिला याने, म्हणजे चौथ्या शतकात, लिहिलं: 'निस्त गुथ दाउथाइझे आक क्विवाइझे'. तो मेलेल्यांचा देव नाही, जिवंतांचा आहे. क्विवाइझे. तुमचा षष्ठी बहुवचनाचा 'एषाम्' जागेवर आहे, पण दुसरा 'क' कुठेच नाही. ताई, तुमच्या डाव्या पानासाठी याच्या समोर ऋग्वेद १०.१८.३ ठेवा: 'इमे जीवा वि मृतैराववृत्रन्', हे जिवंत मेलेल्यांपासून वेगळे झाले. तोच शब्द, आणि शेजारी तीच विरुद्ध जोडी.

'क' आला कसा, याचं सगळ्यात ज्ञात उत्तर कौगिल यांच्या नावाने ओळखलं जातं: जर्मॅनिकमध्ये 'ह३'च्या लगेच पुढे 'व' आला तर ते दोन्ही मिळून कठीण होतात आणि 'क्व' बनतो. म्हणजे *ग्विह३वोस मधला 'ह३व' थेट 'क्व' झाला. तुमचा 'व' हरवलेला नाही, तो त्या 'क्व'च्या आतच आहे. याचा दुसरा साक्षीदार द्विवचनात सापडतो: 'आम्हां दोघांना' यासाठी जुनी इंग्रजी 'उंक', गोथिक 'उंकिस', नॉर्स 'ओक्र'. सगळ्यांत 'क' आहे, आणि संस्कृतात त्याच घरातला 'आवाम्', ज्यात 'क'चा मागमूस नाही, 'व' आहे.

आता याची कमजोरी. इतकीच एक-दोन भक्कम उदाहरणं आहेत. ध्वनिनियम म्हणवून घ्यायला हे कमी आहे, आणि म्हणून बरेच अभ्यासक तो मानत नाहीत. शिवाय गोथिकचं उत्तर द्यावं लागतं. नियम मानणारे म्हणतात की गोथिकमध्ये आधी *क्विक्वाझच होतं, पण 'क्व… क्व' असे दोन सारखे ध्वनी पाठोपाठ आल्याने दुसरा ढिला पडला आणि 'व' राहिला. न मानणारे म्हणतात की मूळ *क्विवाझच, आणि 'क' उत्तर-पश्चिमेत नंतर आला. मी पहिल्या बाजूचा. एका शब्दात मागच्या ध्वनीची नक्कल होऊन 'क' आला असं म्हणता येईल, पण 'उंक'मध्ये नक्कल करायला मागे 'क' आहेच कुठे?

एक सावधगिरी. गोथिक 'त्रिग्ग्वस', म्हणजे विश्वासू, यात 'व'चा 'ग्ग्व' झालेला दिसेल आणि तीच गोष्ट आहे असा मोह होईल. ती वेगळी. ती दुप्पट 'व्व'ची आहे, तिच्यात गोथिक सहभागी आहे, आणि निकाल 'क्व' नाही, 'ग्ग्व' आहे.

ऱ्हस्व 'इ'चंही सांगतो. डिबोचा नियम: इटालिक, केल्टिक आणि जर्मॅनिकमध्ये आघाताच्या आधीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. वैदिक 'जीवः'वर उदात्त शेवटच्या स्वरावर आहे, 'जी'वर नाही. म्हणून 'क्वी'चं 'क्वि'. याचा सगळ्यात सुंदर जोडीदार 'वीरः'. वैदिकात उदात्त शेवटी, लिथुआनियन 'वीरास' दीर्घ, पण लॅटिन 'विर', जुनी आयरिश 'फेर', गोथिक 'वेर', सगळे ऱ्हस्व.

---

वर्णविचार:

गोथिकवाचक, तुमचं सगळं पटतं, पण शेवटचा परिच्छेद तुमच्याच आधीच्या परिच्छेदाशी भांडतो.

'ह३व' थेट 'क्व' झाला असेल, तर 'इ' दीर्घ व्हायला 'ह३' उरलाच कुठे? 'इह' चा 'ई' तेव्हाच होतो जेव्हा 'ह' विरघळून मागच्या स्वरात मिसळतो. इथे तो विरघळला नाही, घट्ट झाला. म्हणजे 'क्वि' पहिल्यापासून ऱ्हस्वच राहिला, त्याला कुणी ऱ्हस्व करायची गरजच पडली नाही. कौगिल मानलात तर या शब्दासाठी डिबो लागत नाही. कौगिल नाकारलात तर डिबो लागतो, कारण मग *क्वीवाझचं *क्विवाझ करावं लागतं. दोन्ही बाण एकाच शब्दावर सोडता येत नाहीत.

'वीरः'चं उदाहरण डिबोसाठी उत्तमच आहे, पण ते डिबो खरा आहे एवढंच सांगतं, तो इथे वापरला गेला असं नाही. आणि लॅटिनही बघा: 'विर' ऱ्हस्व, पण 'वीवुस' दीर्घ. त्याच भाषेत, तशाच आघाताचे दोन शब्द, दोन निकाल. वेल्श 'बिउ' ऱ्हस्व धरून चालतो, लॅटिन नाही. म्हणून या शब्दात डिबोवर सगळा भार टाकायला मी कचरतो.

---

गोथिकवाचक:

बरोबर आहे. मी दोन वेगळ्या काळांत शिकलेल्या गोष्टी एकाच पानावर लिहून टाकल्या. कौगिल ठेवतो, डिबो मागे घेतो, फक्त या शब्दापुरता. 'वीर'साठी तो ठेवतोच.

एवढं जोडतो की गोथिक धातूंतही 'क' नाही. लूक १५:२४ मध्ये घर सोडून गेलेला मुलगा परत आल्यावर बाप म्हणतो, 'दाउथ्स वास याह गाक्विउनोदा', मेला होता आणि पुन्हा जिवंत झाला. 'गाक्विउनान' म्हणजे पुन्हा जिवंत होणं. दोन 'क्व' पाठोपाठ आले म्हणून दुसरा ढिला पडला, असं म्हणताना तो या पूर्ण शब्दकुटुंबात ढिला पडला असं मानावं लागेल. त्यात अशक्य काही नाही, पण ही किंमत मोजावी लागते हे लपवू नये.

---

उत्तरवारा यांचं उत्तर:

मी आइसलँडिक वाचते, व्याकरण कमी आणि शब्द जास्त. हा धागा वाचताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शब्दपारखी ताई, तुमच्या नखाच्या जिव्हाळीला जुन्या नॉर्समध्ये 'क्विका' म्हणतात. नखाखालचं आणि जनावराच्या खुराखालचं ते मऊ, दुखरं मांस. आता 'क्विका' कशी चालते बघा: प्रथमा 'क्विका', बाकी एकवचनात 'क्विकु'. वर्णविचारांनी दुर्बल कोष्टक सांगितलं ना, त्यातल्या स्त्रीलिंगाची ही नॉर्स रूपं हुबेहूब अशीच आहेत. *क्विक्वों, 'ती जिवंत'. म्हणजे हे नाम वेगळं घडवलेलं वाटतच नाही, विशेषणाचं दुर्बल रूप तसंच उचलून नाम म्हणून ठेवल्यासारखं आहे. तुम्ही विचारलंत दोन चालवण्या कशाला. त्यातल्या दुसरीने तुमच्या नखाखालच्या जागेला नाव दिलं.

आजच्या आइसलँडिकमध्ये 'क्विका'चा रोजचा अर्थ आणखी एक आहे: जमिनीखालचा वितळलेला खडक, मॅग्मा. ज्वालामुखी जागा होण्याच्या बातमीत हा शब्द हटकून येतो.

आणि 'क्विकफ्ये'. 'क्विक' म्हणजे जिवंत आणि 'फ्ये' म्हणजे धन, गुरं. तो 'फ्ये' आपल्या 'पशु'चाच भाऊ. 'क्विकफ्ये' म्हणजे गुरंढोरं. आपण गावाकडे म्हणतो ते 'जित्राब'! त्यातही जीवच पुढे उभा आहे. 'जित्राब' शब्द कागदावर कमी दिसतो, म्हणून मुद्दाम लिहिते. 'क्विकफ्ये' वाचताना मला त्याच्यापेक्षा जवळचा मराठी शब्द आठवला नाही. 'पशुधन' अर्थाने बरोबर आहे, पण तो सरकारी कागदावरचा, आणि जिवंतपणा त्यात ऐकू येत नाही.

चित्रपटाला ते 'क्विकमिंद' म्हणतात, जिवंत चित्र.

---

शब्दपारखी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आणि आज सकाळी वही घेऊन बसले होते.

उजव्या पानावरचं कोष्टक मी पुसलं नाही. त्याच्या डावीकडचा 'जीव' पुसला आणि तिथे 'सर्व' लिहिला. सर्वे, सर्वस्मै, सर्वेषाम्. मग लाल पेन्सिल जवळजवळ कुठे अडकली नाही. सव्वीस वर्षं 'सर्व'चं कोष्टक मुलांकडून पाठ करून घेतलं. 'हे अपवाद आहेत, लक्षात ठेवा' असं म्हणून पुढे गेले, दरवर्षी. आज पहिल्यांदा दिसतंय की जो आमच्याकडे कोपऱ्यातला अपवाद होता तो दुसऱ्या घरात सगळ्यांचा नियम झाला. त्या मुलांना हे सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

माझी रूपं कुठे चुकली तेही आता नीट लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल. मी चतुर्थीला *क्विक्वाइ लिहिलं होतं ('देवाय' डोक्यात ठेवून), आणि कोष्टकात तेच रूप प्रथमा बहुवचनाच्या घरात दिसल्यावर गोंधळले होते. द्वितीया *क्विक्वां लिहिली होती ('देवम्'), ती पुल्लिंगाची नाही, नपुंसकाची निघाली. षष्ठी बहुवचनात तर मी 'आनाम्'मधला 'न' घुसवला होता. सगळ्या चुका एकाच जातीच्या आहेत: प्रत्येक ठिकाणी मी नामाचा प्रत्यय लावला आणि जर्मॅनिकने सर्वनामाचा लावला होता.

'क'च्या पानावर मी आधी दोन्ही बाण काढले होते, डिबोचाही आणि कौगिलचाही, आणि खाली 'दोन पुरावे' असं लिहून दुहेरी रेघ मारली होती. वर्णविचारांचं वाचल्यावर लक्षात आलं की ते दोन पुरावे नाहीत, दोन पर्याय आहेत. आता दोन वेगळ्या ओळी आहेत. वरच्या ओळीत *ग्विह३वोस, तिथून *क्विक्वाझ, तिथून एकीकडे जुनी इंग्रजी 'क्विक' आणि दुसरीकडे गोथिक 'क्विव-', 'क' ढिला पडून. खालच्या ओळीत *ग्विह३वोस, तिथून *क्वीवाझ, तिथून *क्विवाझ, तिथून गोथिक सरळ आणि बाकीच्यांना 'क' नंतर. 'उंक' आणि 'आवाम्' वरच्या ओळीला टेकू म्हणून पानाच्या समासात. मला वरची ओळ जास्त पटते, तेही 'उंक'मुळेच. पण गोथिकवाचकांनी सांगितलेली किंमत तिच्या शेजारी लिहून ठेवली आहे.

एक शंका अजून आहे, जमलं तर सांगा. मार्क १२:२७ मध्ये 'मेलेल्यांचा' आणि 'जिवंतांचा' ही दोन्ही रूपं सबल आहेत, 'दाउथाइझे' आणि 'क्विवाइझे'. पण तिथे ही विशेषणं नामासारखी, एकटी उभी आहेत. 'क्विका' नाम झाली ती दुर्बल रूपातून. मग एकटं उभं राहिलेलं विशेषण केव्हा सबल राहतं आणि केव्हा दुर्बल होतं?

---

वर्णविचार:

ताई, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. मार्कमध्ये आधी 'तो', 'ते' असं दर्शक नाही: मेलेल्यांचा, कुणाही मेलेल्यांचा, आणि ग्रीक मूळातही तिथे उपपद नाही. म्हणून सबल. एकटं असणं हे कारण नाही, ठरलेलं असणं हे कारण आहे. आधी 'सा', 'सो', 'थाता' (तो, ती, ते) आलं की दुर्बल. 'क्विका' ही ठरलेली जागा आहे, प्रत्येक नखाखाली तीच ती, म्हणून तिला 'न'वालं रूप मिळालं.

योहान १०:११ उघडलंत की आधी 'गोद्स'पाशी थांबा आणि मग 'सा गोदा' वाचा. मोठ्याने वाचा.

---

शब्दपारखी:

वाचलं. मोठ्याने, दोनदा. नातू विचारत होता ही कुठली भाषा. त्याचं नख आता बरं आहे.